पाण्याची धार थांबते, इंजिन तापतं: कृष्णाकाठच्या बोटींसाठी तपासणीचा क्रम

बेळगाव जिल्ह्यातल्या यडूर, कल्लोळ, मांजरी, जुगूळ, मंगावती आणि खाली कुडची-उगारपर्यंतच्या गावांत पुरासाठी ज्या बोटी ठेवतात, त्यांच्या मागे बरेचदा २५ ते ४० हॉर्सपॉवरचं दोन-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन टांगलेलं असतं. हा लेख त्याच इंजिनांसाठी आहे. बिघाड एकच, पण दर पावसाळ्यात परत येणारा: इंजिन तापतं, इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं पाकळ्यांचं रबरी चाक) बदलतात, आठ-पंधरा दिवस बरं चालतं आणि ऐन पुरात पुन्हा तापतं.

या इंजिनाला रेडिएटर नसतो. नदीचं पाणी खालच्या जाळीतून आत येतं, रबरी पंप ते वर ढकलतो, सिलिंडरभोवती फिरून ते धुरासोबत बाहेर पडतं. त्यातलंच थोडं पाणी इंजिनाच्या मागच्या बाजूच्या छोट्या भोकातून पिचकारीसारखं उडतं. ही धार दिसली की पंप चालू आहे असं समजायचं. कोयना, वारणा, राधानगरीचा विसर्ग वाढून कृष्णेला लाल गढूळ पाणी येतं, तेव्हा हे सगळं गाळ-वाळूच्या पाण्यावर चालवावं लागतं. बिघाड पुन्हापुन्हा येण्याचं मूळ तिथे आहे.

आधी लक्षणं

धार अजिबात येत नाही. सुरू केल्यावर १०-१५ सेकंदांत धार दिसायला हवी. एक मिनिटभरही कोरडा फिरला तर रबरी पंप जळू शकतो, म्हणून धारेची वाट बघत इंजिन चालू ठेवू नका.

धार येते, पण बारीक, किंवा इंजिन हळू असताना थांबते आणि रेस केल्यावर परत येते. ही पंप झिजल्याची सर्वांत ठळक खूण आहे. झिजलेला पंप जास्त फेऱ्यांवर कसंबसं पाणी उचलतो, हळू फिरताना उचलत नाही.

धार जोरात आहे, पण त्यातून वाफ येते किंवा हाताला चटका बसतो. पंप ठीक असून पाणी आत कुठेतरी अडलं असण्याची शक्यता इथे जास्त.

धार चांगली, पाणी कोमट, तरीही बझर वाजतो किंवा इंजिन आपोआप हळू पडतं. काही मॉडेलांत तापमान वाढलं की इंजिन स्वतःच फेऱ्या कमी करतं. त्याला पेट्रोलचा बिघाड समजून कार्बोरेटर खोलत बसू नका. आधी हेडला (सिलिंडरांच्या झाकणाला) हात जवळ नेऊन बघा.

हेडवरचा रंग तपकिरी पडलेला, फुगलेला किंवा पापुद्रे निघालेले. हे इंजिन आधी कधीतरी जोरात तापलेलं आहे. सध्या ते बरं चालत असलं तरी हेड पॅकिंगची शंका मनात ठेवूनच पुढची तपासणी करा.

तापमानाचा अंदाज घ्यायला कारखान्यात वापरतात ती इन्फ्रारेड बंदूक चांगली. कोरोनाच्या काळात ग्रामपंचायतींनी घेतलेली अंगाचा ताप मोजायची बंदूक इथे चालत नाही, ती साधारण ४२-४३ अंशांपुढे आकडाच दाखवत नाही. धडधाकट इंजिनाचं हेड ढोबळमानाने ५० ते ७५ अंश सेल्सियसच्या दरम्यान असतं. ९० च्या वर गेलं तर बंद करा. बंदूक नसेल तर बोटाने पाण्याचा एक थेंब हेडवर सोडा. चुर्र आवाज करून उडाला तर हेड १०० च्या वर आहे.

बोट प्रवाहात असताना बझर वाजला तर

बझर वाजला की ताबडतोब इंजिन बंद करा, असं कंपनीचं पुस्तक सांगतं. तलावात ते बरोबर आहे. भरल्या कृष्णेच्या मधोमध, बोटीत माणसं बसलेली असताना इंजिन बंद केलं तर बोट प्रवाहाच्या ताब्यात जाते. म्हणून आधी रेस कमी करा, जेमतेम सुकाणू धरेल एवढ्याच वेगाने संथ पाण्यात, झाडाच्या किंवा घराच्या आडोशाला या, दोर बांधा आणि मग बंद करा. इंजिन जळालं तर दुरुस्त होतं किंवा नवीन आणता येतं. माणसांपुढे इंजिनाचा विचार करू नका.

थांबल्यावर तापलेल्या हेडवर बादलीने गार पाणी ओतायचं नाही. ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, कधी चिरतं. झाकण काढून वीसेक मिनिटं आपसूक निवू द्या. दुसरी बोट मिळत असेल तर काम तिच्याकडे सोपवा. मदत लागली तर ११२. तापलेलं इंजिन तात्पुरतं चालतंय म्हणून पुढची फेरी मारू नका.

बिनखर्चाची तपासणी

इंजिन बंद, सुरक्षा-दोरी (ओढली की इंजिन बंद पडतं ती) काढलेली आणि प्लगच्या वायरी सुटलेल्या. एवढं केल्याशिवाय पंख्याजवळ (पाण्यातल्या प्रोपेलरजवळ) हात नेऊ नका.

सगळ्यात आधी जाळी. पंख्याच्या वर, गियरच्या भागाला दोन्ही बाजूंना पाणी घ्यायच्या फटी असतात. इंजिन वर उचलून त्या बघा. आपल्याकडे तिथे काय अडकतं ते ठरलेलं आहे: केंदाळाची मुळं, उसाचा पाला, खताच्या पोत्याचे धागे, प्लास्टिकची पिशवी. ड्रीपची लॅटरल पंख्याला गुंडाळली गेली असेल तर तीही कापून काढा. पंखा जड फिरला की इंजिनावर भार येतो आणि पाणी पुरेसं असूनही ते तापतं. पिशवी गुपचूप सुटूनही जाते, म्हणून जाळी स्वच्छ दिसली तर ‘इथे काहीच नव्हतं’ असं ठरवू नका. फटींत ओला चिखल घट्ट बसला असेल तर लाकडी काडीने उकरा. स्क्रूड्रायव्हर आत खुपसला तर जाळी तुटते आणि तिचे तुकडे पंपात जातात.

मग धारेचं भोक. नुसतं हेच तुंबलेलं असणं अगदी नेहमीचं आहे, कारण संपूर्ण वाटेत सर्वांत अरुंद जागा हीच. बाहेरून २ इंच पातळ तार घाला, हलक्या हाताने फिरवा. आतली रबरी नळी निघत असेल तर ती सोडवून फुंकर मारा. कुंभारमाशी तिथे मातीचं घर करते, वर्षभर शेडमध्ये ठेवलेल्या इंजिनांत हे हमखास दिसतं. भोक मोकळं केल्यावर धार जोरात आली आणि हेडचं तापमान ठीक राहिलं तर काम संपलं.

तिसरी गोष्ट इंजिनाची उंची. पंख्याच्या लगेच वर जी आडवी पट्टी असते, ती बोटीच्या बुडाच्या पातळीत किंवा तिच्याखाली जास्तीत जास्त २५ मिलिमीटर असावी. इंजिनं लांबीनुसार दोन प्रकारची येतात, बोटीच्या मागच्या फळीची उंची १५ इंच असेल तर आखूड, २० इंच असेल तर लांब. २० इंचांच्या फळीवर आखूड इंजिन बसवलं की पाणी घ्यायच्या फटी पृष्ठभागाच्या इतक्या जवळ येतात की पंप पाण्याबरोबर हवाही ओढतो. टेप लावून मोजा. अंदाज चुकतो.

उंची बरोबर असूनही हवा ओढली जाते अशा दोन वेळा आहेत. माणसं उतरवताना सगळे पुढे गोळा होतात, बोटीचं नाक खाली जातं आणि मागचा भाग उचलला जातो. दुसरी वेळ बुडालेल्या रस्त्यावरून किंवा उसातून जाताना येते. पंखा वाचवायला इंजिन थोडं तिरकं उचलून अडकवतात. तशा स्थितीत फटी अर्ध्या उघड्या पडतात. त्यामुळे तिरकं इंजिन फक्त अगदी हळू वेगातच चालवायचं आणि धारेवर नजर ठेवायची. रान बुडालेलं असेल तिथे तर वल्ही वापरणं कधीही चांगलं, कारण तळाचा चिखल पंखा ढवळतो आणि पंप तोच चिखल गिळतो.

पिंपातली चाचणी

वरचं सगळं बघून झाल्यावर बोट नदीत न नेता गावातच खात्री करता येते. २०० लिटरचं पिंप घ्या, इंजिन स्टँडला किंवा भक्कम लाकडी चौकटीला लटकवा, पंखा काढून ठेवा. आडव्या पट्टीच्या वर किमान चार बोटं स्वच्छ पाणी असू द्या. न्यूट्रलमध्ये, मंद गतीवर १० मिनिटं चालवा. पिंप बंद खोलीत ठेवायचं नाही, धूर जीवघेणा असतो.

पिंपातलं पाणी तांबडं होत गेलं तर आतला गाळ निघतो आहे. पाणी बदला आणि परत चालवा. दोन-तीन पाण्यांत ते स्वच्छ राहायला लागतं. धार नीट झाली, हेड ७५ च्या खाली राहिलं, तर पंप खोलायची गरज नाही. गढूळ पाण्यात काम झाल्यावर त्याच संध्याकाळी हे धुणं केलं तर वर्षातले निम्मे बिघाड टळतील, असं माझं मत आहे. ओला गाळ पाण्याबरोबर निघून जातो. महिनाभर वाळला की तो विटेसारखा कडक होतो.

पंप खोलणं

इथून पुढे पाने लागतात: १० ते १४ मिलिमीटरचे रिंग पाने, नोज प्लायर, रबरी हातोडी, ग्रीस, भांडी घासायचा पातळ साबण आणि संपूर्ण पंप किट. दुकानात नुसता इम्पेलर मागू नका. बिघाड परत येतो तो याच चुकीमुळे.

त्याचं कारण असं. पंप म्हणजे एक स्टीलची वाटी, तिच्या आत फिरणारं पाकळ्यांचं रबरी चाक आणि खाली स्टीलची चकती. पाकळ्या वाटीच्या भिंतीला आणि चकतीला घासून फिरतात, तेव्हाच पाणी वर ढकललं जातं. आपल्या पाण्यातल्या बारीक वाळूने रबर झिजतंच, पण वाटी आणि चकतीवर गोल ओरखड्यांची चाकोरी पडते. नवीन इम्पेलर त्या चाकोरीत बसवला की पहिल्या दिवशी धार छान येते, कारण पाकळ्या ताज्या आणि ताठ असतात. महिन्याभरात त्या ओरखड्यांवर घासून बोथट होतात आणि धार पुन्हा गळते. नख फिरवून बघा. नख अडकलं तर वाटी आणि चकती दोन्ही बदला.

कामाचा क्रम असा. गियर कोणत्या स्थितीत आहे ते आधी लिहून ठेवा. आडव्या पट्टीखालच्या छोट्या पंखासारख्या तुकड्याचा कोन पेन्सिलने आखून घ्या, काही मॉडेलांत त्याच्या मागे एक लपलेला बोल्ट असतो. गियरच्या दांड्याची जोडणी सोडवा. मग खालचा भाग (गियर आणि पंखा असलेला) धरणारे चार-पाच बोल्ट थोडे थोडे सैल करा. शेवटचा बोल्ट काढताना दुसऱ्या माणसाने खालचा भाग धरलेला असावा.

बोल्ट निघाले तरी खालचा भाग सुटत नाही, हे नेहमी घडतं. सगळे बोल्ट खरंच निघालेत ना, हे पुन्हा मोजा. लपलेला बोल्ट विसरून पहार लावल्याने कडा फुटल्याची इंजिनं दुरुस्तीला येतात. मोजून खात्री झाली की सांध्याभोवती गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवा, सकाळी रबरी हातोडीने दोन्ही बाजूंनी आळीपाळीने ठोका. सांध्यात छिन्नी घालू नका. तासाभराच्या प्रयत्नानंतरही हललं नाही तर शाफ्ट (इंजिनापासून गियरपर्यंत येणारा उभा फिरता दांडा) वरच्या दातांत गंजून बसलेला असतो. ते काम वर्कशॉपचं.

खालचा भाग निघाल्यावर पंपाचे बोल्ट काढून वाटी वर उचला. इम्पेलर आणि त्याला शाफ्टशी अडकवणारी छोटी चावी सांभाळून काढा. ही चावी खाली चिखलात पडली तर सापडत नाही, म्हणून काम पोत्यावर नाही, परातीत करा. आता पाकळ्या मोजा. एखादी अर्धी किंवा पूर्ण तुटलेली असेल तर तिचा तुकडा शोधलाच पाहिजे. सगळे तुकडे टेबलावर जोडून चाक पूर्ण होतंय का बघा. तुकडा सापडत नसेल तर तो पंपाचं पाणी वर नेणाऱ्या तांब्याच्या नळीतून वर गेलेला आहे आणि नवीन पंप लावला तरी तो पाण्याची वाट अडवत राहील.

पाकळ्या शाबूत पण एका बाजूला वाकून तशाच राहिलेल्या असतील तर त्या वर्षभर न वापरल्याने ताठरल्या आहेत. सप्टेंबरात ठेवलेली बोट जूनमध्ये उघडली की असं आढळतं. सरळ करून परत लावू नका, बदला.

नवीन बसवताना वाटीला आतून साबणाचं पाणी लावा. ऑइल किंवा ग्रीस नको, काही रबरांना ते फुगवतं. शाफ्ट वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत वाटी खाली दाबा, म्हणजे पाकळ्या योग्य दिशेला मुडपतात. उलट फिरवलं तर पाकळ्या उलट्या वळतात आणि पहिल्याच दिवशी मोडतात. शाफ्टच्या दातांना बाजूने ग्रीस लावा, पण टोकावर थापू नका. टोकावर ग्रीसचा गोळा राहिला की शाफ्ट पूर्ण आत बसत नाही आणि बोल्ट आवळताना क्रँकवर दाब येतो.

खालचा भाग वर चढवताना तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात: शाफ्टचे दात, गियरचा दांडा आणि तांब्याची नळी पंपाच्या रबरी तोंडात. तिसऱ्याकडे दुर्लक्ष होतं. नळी तोंडाबाहेर राहिली तर पंप नवा असूनही पाणी इंजिनाच्या पायातच (खालच्या उभ्या पोकळ भागातच) सांडतं आणि धार येत नाही. दात जुळत नसतील तर वरचं फ्लायव्हील (इंजिनाच्या माथ्यावरचं जड चाक) हाताने किंचित, घड्याळाच्या दिशेनेच फिरवा. शेवटचं बोटभर अंतर बोल्टने ओढून घेऊ नका. सगळं जुळलं की भाग हाताने बसतो. आवळून झाल्यावर इंजिन सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवून गियर तपासा. न्यूट्रलमध्ये मोकळा, रिव्हर्समध्ये अडलेला असायला हवा.

खालचा भाग उतरवलेलाच आहे तर गियरचं ऑइलही बघा. तळाचा स्क्रू सैल करून चमचाभर काढा. दुधाळ किंवा चहासारखं दिसलं तर सील गेलं आहे, बहुतेक पंख्यामागे गुंडाळलेल्या जाळ्याच्या दोऱ्याने. सील बदलायला खास पुलर (ओढून काढायचं हत्यार) लागतो. ते काम घरी नको.

पंप की आतली वाट: नळीची चाचणी

ही चाचणी फार उपयोगाची आहे, आणि खालचा भाग उतरवलेला असतानाच ती करायची असते. खालून डोकावणाऱ्या तांब्याच्या नळीवर बागेच्या पाण्याची नळी घट्ट धरा किंवा क्लिपने अडकवा आणि नेहमीच्या नळाच्या दाबाने पाणी सोडा. काही क्षणांत धारेच्या भोकातून पाणी आलं पाहिजे.

पाणी मोकळं आलं तर दोष पंपात किंवा त्याच्या खाली होता. पाणी परत पायातून खाली सांडलं, धार आली नाही किंवा थेंब थेंब आली, तर वरची वाट तुंबली आहे, नवा पंप लावून काही होणार नाही. पंपावर खर्च करण्याआधी पाच मिनिटांत हे कळतं.

थर्मोस्टॅट

हेडवरचं छोटं झाकण काढलं की थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला उघडून पाणी वाहू देणारी झडप) हातात येतो. बोल्ट ६ मिलिमीटरचे आणि ॲल्युमिनियममध्ये बसलेले असतात, म्हणून फिरत नसतील तर जोर लावू नका. तेल, सौम्य गरम, थोडं पुढे थोडं मागे, अशा पद्धतीने काढा. एक मोडला तर थांबा, तसं पुढे सांगितलं आहे.

थर्मोस्टॅटच्या झडपेत एक दोरा चिमटवा, त्या दोऱ्याने तो पाण्याच्या पातेल्यात लटकवा, शेजारी तापमापक ठेवा आणि चुलीवर हळू तापवा. झडप उघडली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट खाली पडतो. तेव्हाचं तापमान बघा. आउटबोर्डचे थर्मोस्टॅट मॉडेलप्रमाणे साधारण ५० ते ६० अंशांच्या आसपास उघडायला लागतात, नेमका आकडा बरेचदा त्याच्यावरच कोरलेला असतो. पाणी उकळलं तरी पडला नाही तर तो अडकला आहे. गार पाण्यातच झडप उघडी दिसली तर त्यात वाळूचा कण किंवा रबराचा तुकडा अडकला असण्याची शक्यता आहे.

दोन चुका टाळा. जीप-ट्रॅक्टरचा थर्मोस्टॅट मापाला बसला म्हणून लावायचा नाही, तो ८० च्या पुढे उघडतो आणि तोवर हे इंजिन धोक्यात गेलेलं असतं. आणि ‘काढूनच टाकू, तापायची कटकट मिटेल’ हा उपाय कायमचा करायचा नाही. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन गारच राहतं, पेट्रोल नीट जळत नाही, प्लग काळे-ओले होतात आणि नेमकं मंद गतीवर बंद पडतं. पुरात एखादा दिवस निभावायला चालेल, नंतर नवीन पॅकिंगसह नवा बसवा.

आतला गाळ

गोवा-मालवणकडे समुद्रातल्या इंजिनांत मीठ साठतं, ते काढायला व्हिनेगर किंवा तत्सम आम्ल फिरवतात. तो सल्ला ऐकून इकडेही आम्ल ओततात. आपल्या इंजिनात मीठ नाही, गाळ आहे. गाळ आम्लात विरघळत नाही, ॲल्युमिनियम मात्र खाल्लं जातं. इथे उलटं धुणंच उपयोगी.

थर्मोस्टॅट काढलेला, खालचा भाग उतरवलेला. वरून थर्मोस्टॅटच्या जागेतून पाण्याची नळी लावा आणि पाणी तांब्याच्या नळीतून खाली येऊ द्या. खाली पांढरी बादली ठेवा, म्हणजे वाळू, रबराचे तुकडे दिसतात. अधूनमधून दिशा बदला, खालून वर, वरून खाली. नळाचा दाब पुरतो. गाडी धुण्याच्या मशीनचा जोर लावला तर पॅकिंग फाटतं. अर्ध्या तासात पाणी स्वच्छ आणि दोन्ही दिशांनी मोकळं झालं, तर थर्मोस्टॅट बसवून पिंपात चाचणी घ्या. ज्या मॉडेलांत थर्मोस्टॅटजवळ स्प्रिंगची दाब-झडप आहे, तिची स्प्रिंग मोडलेली नाही ना आणि बैठकीत वाळू नाही ना, हेही याच वेळी बघा.

धार उत्तम, पाणी कोमट, आणि तरीही तापतं

मग पाण्याचा नाद सोडा. पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळलं ते विचारा. ५०:१ असेल तर २५ लिटर पेट्रोलला ५०० मिलिलिटर, आणि तेही पाण्यावरच्या दोन-स्ट्रोक इंजिनांचं, टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं. मोटारसायकलचं चार-स्ट्रोक ऑइल नाही. नेमकं प्रमाण इंजिनाच्या पुस्तकात असतं. मागच्या वर्षीचं उरलेलं पेट्रोल वापरू नका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी शोषतं, कार्बोरेटरची जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तुंबते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन तापतो. प्लगचं टोक पांढरंफटक दिसलं तर हेच झालं आहे. जेट साफ करा, तार घालून भोक मोठं करू नका.

इथे थांबा

कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरातला दाब मोजायचं मीटर) असेल तर दोन्ही सिलिंडरांचं मोजा, थ्रॉटल पूर्ण उघडून, दोन्ही प्लग काढून. आकडा मॉडेलप्रमाणे वेगळा असतो, महत्त्वाचा आहे तो फरक. दोहोंत १५ पीएसआयपेक्षा जास्त फरक असेल, किंवा एखाद्या प्लगवर पाण्याचे थेंब असतील, तर हेड पॅकिंग किंवा पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. हेड काढून काचेवर ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावतात, साधारण ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त वाकलं असेल तर ग्राइंडिंग लागतं. बेळगावात उद्यमबागेत किंवा कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात हे काम होतं, पण ते आउटबोर्ड जाणणाऱ्या मिस्त्रीच्या हातून पाठवा. किती घासलं याचा परिणाम कॉम्प्रेशनवर होतो आणि बोल्ट ठरलेल्या क्रमाने, टॉर्क पान्याने, दोन टप्प्यांत आवळायचे असतात.

हेडचा किंवा थर्मोस्टॅटचा बोल्ट मोडला तर स्वतः ड्रिल मारू नका. भोक तिरकं गेलं की पाण्याची वाटच फुटते.

नळीची चाचणी उलट्या धुण्यानंतरही नापास झाली, किंवा इम्पेलरचा तुकडा सापडलाच नाही, तर इंजिनाचा वरचा भाग पायावरून उतरवावा लागतो. हे काम गावात करू नका. पूर्ण इंजिनाचं वजनच ४० हॉर्सपॉवरला ७० किलोच्या आसपास असतं. वरचा भाग धरणारे सहा-आठ बोल्ट खालून असतात, वर्षानुवर्षं गरम धूर आणि पाणी खाऊन ते जाम झालेले असतात. पेट्रोल, थ्रॉटल, गियर आणि वायरिंग सोडवून तो चेन ब्लॉकने फ्लायव्हीलच्या कडीला धरून अगदी सरळ उचलावा लागतो. तिरका उचलला तर शाफ्टचे दात आणि क्रँकचं सील जातं. सुटत नाही म्हणून मधे पहार घातली तर बैठकीला खाच पडते आणि नवीन पॅकिंगही धूर-पाणी अडवत नाही. वर्कशॉपने उतरवल्यावर मधलं पॅकिंग नवीनच लावलंय का, ते विचारा.

फ्लायव्हील हाताने फिरतच नसेल तर इंजिन जाम आहे. दोरी ओढून किंवा स्टार्टर मारून सोडवायचा प्रयत्न केला तर पिस्टनचे तुकडे सिलिंडर खरवडतात.

मिस्त्रीकडे पाठवताना कागदावर एवढं लिहून सोबत द्या: मॉडेल क्रमांक, धार कशी होती, हेडचं मोजलेलं तापमान, दोन्ही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, पेट्रोल-ऑइलचं प्रमाण, नळीची चाचणी पास की नापास. काढलेला जुना इम्पेलर, वाटी आणि चकती पिशवीत घालून इंजिनासोबतच पाठवा. ओरखडे आणि तुटलेल्या पाकळ्या बघून जाणता मिस्त्री निम्मं निदान तिथेच करतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाठवलं तर जुलैच्या पाण्याआधी बोट परत मिळेल. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पाणी गावात शिरलं, तेव्हा दुरुस्तीला द्यायला वेळ उरला नव्हता.